अठ्ठेचाळीस तासांची रंगीत तालीम

दर वर्षी ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या पूर्ण शनिवारी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले की, जगभरातली हजारो माणसे कानाला हेडफोन लावून बसतात आणि सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत, जमेल तितका वेळ, तिथून हलत नाहीत. या अठ्ठेचाळीस तासांत त्यांना जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त माणसांशी रेडिओवरून संपर्क साधायचा असतो. संपर्क म्हणजे गप्पा नव्हेत. आपला संकेत सांगायचा, समोरच्याचा ऐकून घ्यायचा, दोन आकडे द्यायचे, दोन घ्यायचे, धन्यवाद म्हणायचे आणि पुढच्याला हाक मारायची. मुरलेल्या माणसाला एका संपर्काला दहा-पंधरा सेकंद पुरतात. नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी हाच खेळ पुन्हा होतो; फरक इतकाच की, तेव्हा तोंडाने बोलायचे नसते. सगळा व्यवहार मोर्सच्या कट्ट-कडकट्ट भाषेत चालतो. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेची भाषा मात्र अशी जिवंत आहे.

या खेळात जिंकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. प्रशस्तिपत्र मिळते, अगदी वरचा क्रमांक आला तर पाटीवर बसवलेले मानचिन्ह. हौशी रेडिओच्या परवान्याची मूळ अटच अशी की, त्याचा उपयोग कमाईसाठी करायचा नाही. मग माणसे हा उपद्व्याप का करतात? आमच्या नात्यातल्या एका कॉलेजकन्येने मला हे सरळच विचारले होते. ‘काका, हातातल्या फोनवरून फिनलंडमधल्या माणसाशी चेहरा बघत बोलता येतं. तुम्ही रात्रभर खरखर ऐकत कशाला बसता?’

प्रश्न रास्त आहे. ज्याला स्वतःचा संच जुळवून, गच्चीवर स्वतः तार बांधून, मध्ये कोणतीही कंपनी किंवा टॉवर न येता पलीकडच्या खंडातला आवाज ऐकण्याचा आनंद ठाऊक आहे, त्याला त्याचे उत्तर छंदाच्या भाषेत देता येईल. पण छंदाचे गुणगान करण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे आणि बाहेर जे घडले, ते पाहता हा प्रश्न आपणा सर्वांच्या, अगदी रेडिओशी काडीचाही संबंध नसलेल्या कुटुंबांच्या सुरक्षिततेशी येऊन भिडला आहे, असे मला वाटते.

खेळाचे गणित

आधी खेळ समजून घेऊ. ‘हॅम’ या नावाने ओळखली जाणारी ही मंडळी म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हौशी बिनतारी संदेशवाहक. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही या परीक्षेला बसता येते. परवान्याबरोबर एक संकेत मिळतो, तोच त्या माणसाचे हवेतले नाव. भारतीय संकेत साधारणपणे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. राजीव गांधी पंतप्रधान होते तेव्हाही या जगात ‘व्हीयू२आरजी’ म्हणून ओळखले जात. या मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना एप्रिल १९२५ मध्ये पॅरिसला स्थापन झाली. २०२५ साली तिला शंभर वर्षे झाली.

वर ज्या स्पर्धेचा उल्लेख केला, ती ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी जगाचे चाळीस विभाग पाडले आहेत. भारत बाविसाव्या विभागात येतो. अंदमान-निकोबार मात्र सव्विसाव्यात. १६० मीटरपासून १० मीटरपर्यंत सहा लहरपट्टे वापरता येतात. दुसऱ्या खंडातल्या माणसाशी संपर्क झाला तर तीन गुण. आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी झाला तर एक. आपल्याच देशातल्या माणसाशी झाला तर शून्य. मग प्रत्येक पट्ट्यावर किती वेगवेगळे देश आणि किती विभाग मिळाले, त्यांची बेरीज करायची आणि एकूण गुणांना तिने गुणायचे.

हा गुणाकार फार मजेचा आहे. समजा, एखाद्याने दुसऱ्या खंडांशी पाचशे संपर्क केले. गुण झाले दीड हजार. देश आणि विभाग मिळून ऐंशी झाले, तर एकूण गुण एक लाख वीस हजार. आता त्याला आणखी एक नेहमीचा जर्मन किंवा इटालियन भेटला, तर तीन गुणिले ऐंशी म्हणजे दोनशे चाळीस गुणांची भर पडेल. पण एखादा नवा देश सापडला, तर दीड हजारांहून अधिक भर पडते. एक दुर्मीळ देश सहा नेहमीच्या संपर्कांना भारी पडतो. म्हणून स्पर्धकाला क्षणोक्षणी ठरवावे लागते: समोर रांग लावून उभी असलेली गिऱ्हाइके उरकायची, की ती सोडून कोपऱ्यातून कुजबुजल्यासारखा येणारा पॅसिफिक महासागरातल्या एखाद्या बेटाचा आवाज पकडायला जायचे? बँकेच्या काउंटरवर बसलेल्या कोणालाही हा पेच नवा वाटणार नाही.

भारतीय स्पर्धकाची अडचण आणखी एक. जपानमध्ये हॅम मंडळी भरपूर, त्यांचा आवाजही आपल्याकडे खणखणीत येतो. पण जपान पडला आशियात, म्हणून गुण एकच. अमेरिकेत सात लाखांहून अधिक परवाने आहेत. पण तिथे पोहोचणाऱ्या लहरी बहुतांशी ध्रुवप्रदेशावरून जातात आणि वाटेतच क्षीण होतात. राहिला युरोप. तो दुपारनंतर उघडतो. ‘उघडतो’ हा आमचा शब्द. लघुलहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वी तर गोल. आकाशात उंचावर जो विद्युत्भारित थर आहे, ज्याला आयनांबर म्हणतात, त्यावर आपटून त्या परत येतात, पुन्हा जमिनीवरून वर जातात आणि अशा उड्या मारत खंड ओलांडतात. हा थर सूर्यावर अवलंबून. दिवसा दहा-पंधरा मीटरचे पट्टे चालतात, रात्री चाळीस-ऐंशीचे. सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते. २०१९ च्या अखेरीस ते तळाला होते. २०२४ मध्ये शिखरावर आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सौरवादळ झाले आणि लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, हे वाचकांना आठवत असेल. ज्या वादळाने सामान्य माणसाला प्रकाश दाखवला, त्यानेच लघुलहरींवरच्या माणसाचे कान बंद केले.

म्हणजे कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, कोणत्या पट्ट्यावर आवाज पोहोचेल, याचे ज्ञान हा या खेळाचा गाभा आहे. ते पुस्तकात वाचता येते, पण अंगवळणी पडते ते अठ्ठेचाळीस तास बसल्यावरच.

ताळा जुळलाच पाहिजे

मी उभे आयुष्य बँकेत काढले. त्यामुळे या स्पर्धांमधली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांचा हिशेब. प्रत्येक स्पर्धक आपली नोंदवही स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत पाठवतो. आयोजक त्या हजारो वह्या संगणकावर समोरासमोर ठेवतात. माझ्या वहीत तुमचे नाव असेल, तर तुमच्या वहीत माझे असलेच पाहिजे. तोच पट्टा, तीच वेळ. नसेल तर तो संपर्क रद्द. एखाद्या संकेतातले एक अक्षर चुकीचे उतरवले असेल, तर तो संपर्क तर जातोच, शिवाय वर दंडाचे गुण कापले जातात. म्हणजे घाईने चार संपर्क जास्त करण्यापेक्षा एक नीट ऐकलेला बरा, असे नियमच शिकवतो.

संगणकापूर्वीच्या काळात ज्यांनी बँकेतला आंतरशाखा ताळमेळ केला आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. एका शाखेने नावे टाकलेली रक्कम दुसऱ्या शाखेने जमा दाखवलीच पाहिजे. नाही तर ती रक्कम वर्षानुवर्षे मधल्या मध्ये लटकत राहते. तारेने पैसे पाठवण्याची पद्धत होती, तेव्हा तारेत रकमेबरोबर एक गुप्त संकेतांक असे. तो आम्ही अधिकारी स्वतंत्रपणे काढून पडताळायचो. आमच्या शाखेसमोरच्या तारघरातले तारमास्तर म्हणत, ‘साहेब, कान तयार झाला की हात चुकत नाही; आणि शंका आली तर पुन्हा विचारण्यात लाज कसली?’ संदेश अचूक घ्यायचा, शंका असेल तर पुन्हा विचारायचे, आणि लिहून ठेवायचे. ही साधी शिस्त ज्या समाजातून जाते, त्या समाजात संकटाच्या वेळी अफवा पसरतात.

या पडताळणीला अपवाद एकच, आणि तो हास्यास्पद आहे. समोरच्याचा आवाज कसा येतो, हे सांगणारे दोन आकडे स्पर्धेत द्यावे लागतात. ‘५९’ म्हणजे स्वच्छ आणि खणखणीत. आता प्रत्येक जण प्रत्येकाला डोळे मिटून ५९ देतो. ‘तुमचा संकेत पुन्हा सांगा, काहीच ऐकू येत नाही’ असे चार वेळा विचारून झाल्यावर शेवटी ‘५९’! आपल्या नोकरशाहीतल्या गोपनीय अहवालांत जसा प्रत्येक जण ‘उत्कृष्ट’ असतो, तसाच हा प्रकार. स्पर्धेत तो खपतो. खऱ्या संकटात खपणार नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

अंदमान, डिसेंबर २००४

या मंडळींच्या खेळात स्पर्धांइतकेच महत्त्व आणखी एका गोष्टीला आहे. जिथून वर्षानुवर्षे कोणाचा आवाज आलेला नाही, अशा ठिकाणी जाऊन केंद्र उभारायचे आणि जगभरच्या लोकांना त्या जागेशी संपर्काची संधी द्यायची. अंदमान-निकोबार हे असेच ठिकाण होते. सुरक्षेच्या कारणास्तव तिथून हौशी प्रक्षेपणाला अनेक वर्षे परवानगी नव्हती. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ या संस्थेने चिकाटीने पाठपुरावा केला आणि भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील पथक डिसेंबर २००४ च्या सुरुवातीला पोर्ट ब्लेअरहून हवेत उतरले. जगभरातून अक्षरशः झुंबड उडाली. एकाच वेळी शेकडो जण आपापले संकेत ओरडत आहेत, आणि त्या कल्लोळातून एकेक तुकडा उचलून, पूर्ण करून, नोंदवून पुढे जायचे आहे, असे तीन आठवडे चालले. हजारो संपर्क झाले.

२६ डिसेंबरच्या सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हादरली. सुमात्राजवळच्या त्या भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या त्सुनामीने काय केले, हे सांगायला नको. बेटांवरची वीज गेली, दूरध्वनी गेले. ज्या पथकाने आदल्या रात्रीपर्यंत दुर्मीळ देशाचे गुण वाटले होते, त्याच पथकाने आपले संच पुन्हा जुळवले आणि मुख्य भूमीशी संदेशांची देवाणघेवाण सुरू केली. अमुक कुटुंब सुखरूप आहे, तमुक ठिकाणी औषधे हवीत, अशी ती कामे. पुढे कार निकोबारलाही केंद्र नेण्यात आले. परवानगी देताना ज्या सरकारी खात्यांना हा निव्वळ छंद वाटला होता, त्यांच्याच कामी तो तीन आठवड्यांत आला.

त्याआधी जानेवारी २००१ मध्ये भूजच्या भूकंपातही हॅम मंडळी संच घेऊन धावली होती. २०१८ चा केरळचा पूर, जुलै २०२४ मधली वायनाडची दरड, इथेही ती होती. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ वादळाने उत्तर कॅरोलिनाचा डोंगराळ भाग जगापासून तोडला, तेव्हा माउंट मिचेल शिखरावरचे हौशी रेडिओचे पुनःप्रक्षेपण केंद्र कितीतरी दिवस लोकांचा आधार झाले.

अंदमानची गोष्ट सांगताना एक भाग निसटतो. त्या पथकाजवळ फक्त यंत्रे नव्हती. तीन आठवडे रोज तासन्‌तास कल्लोळातून अचूक संकेत वेचून त्यांचा कान आणि हात तयार झालेला होता. ही तयारी संकटाच्या दिवशी दुकानातून विकत आणता येत नाही.

खेळ पुरेसा नाही

एवढे झाल्यावर स्पर्धांचे गोडवे गाऊन थांबणे सोपे होते. पण तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्पर्धा जे शिकवते, ते मोलाचे आहे. पण ती सगळेच शिकवत नाही.

पहिली गोष्ट, स्पर्धेत संदेशच नसतो. ठरीव आकड्यांची देवाणघेवाण असते. ‘तळमजला पाण्याखाली, वर अकरा माणसे, एक गरोदर बाई, बोट उत्तरेच्या बाजूने आणा,’ हा मजकूर एकही शब्द न गाळता, न वाढवता तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचवणे ही वेगळी विद्या आहे. घाबरलेल्या माणसाकडून नेमकी माहिती काढून घेणे, तहसील कचेरीतल्या साहेबाला ती कळेल अशा भाषेत सांगणे, हे स्पर्धेत येत नाही. आणि इथे ‘५९’ ची सवय घातक ठरते. आवाज येत नसेल, तर येत नाही असेच म्हणावे लागते.

दुसरी गोष्ट पैशाची. शंभर फुटी मनोऱ्यांवर फिरत्या अँटेना, जोडीला शक्तिवर्धक, अशा केंद्रांपुढे गच्चीवर तीस-चाळीस फूट तार ताणून बसलेल्या माणसाचे काय चालणार? कमी शक्तीच्या संचांसाठी वेगळे गट असतात, हे खरे. शिवाय १९९० पासून सिअ‍ॅटल, स्लोव्हेनिया, फिनलंड, ब्राझील, जर्मनी अशा ठिकाणी जी जागतिक सांघिक स्पर्धा भरत आली आहे, तिथे निवडक संघांना सारख्याच प्रकारच्या जागा, सारख्या अँटेना आणि मर्यादित शक्ती देतात, म्हणजे कस लागतो तो माणसाचा. पण एरवी हा खेळ महाग होत चालला आहे, हे नाकारता येत नाही.

तिसरी गोष्ट यंत्राची. १९९३ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवणारे जो टेलर हे स्वतः हॅम. त्यांनी सहकाऱ्यासह २०१७ मध्ये ‘एफटी८’ नावाची पद्धत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या हप्त्यांत संगणकच संकेत पाठवतो आणि कानाला ऐकूही न येणारा संकेत संगणकच उलगडतो. छोट्या संचांना आणि गावातल्या विजेच्या खरखरीत अडकलेल्यांना तिचा मोठा फायदा झाला. पण माणसाच्या कानाचे काम संपले की, कान तयार कसा होणार? बँकांत संगणक आले, तेव्हा बेरजेच्या चुका थांबल्या, हे मी पाहिले. आणि संगणक बंद पडला की गिऱ्हाइकाला उद्या या म्हणणारी पिढीही पाहिली. यंत्राला विरोध नाही. यंत्र नसताना काय, एवढेच विचारायचे आहे.

चौथी गोष्ट राजकारणाची. सीमा न मानणारा हा छंद, असे आम्ही अभिमानाने सांगतो, आणि शीतयुद्धाच्या काळात रशियन व अमेरिकन हॅम एकमेकांना हाका मारत होते, हे खरेही आहे. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटताच युक्रेनने आपल्याकडची हौशी प्रक्षेपणे थांबवली, आणि काही मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांनी रशिया व बेलारूसच्या स्पर्धकांना क्रमवारीबाहेर ठेवले. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात परवाने रद्द झाले होते. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता यांनी ४२.३४ मीटरवरून काँग्रेस रेडिओचा आवाज उठवला, तेव्हा प्रक्षेपक उभारण्यासाठी उपयोगी पडले ते नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या माणसाचे हौशी रेडिओतले ज्ञान. ज्याच्या हाती प्रक्षेपक, त्याच्याकडे सत्ता संशयाने पाहणार, हे समजण्यासारखे आहे. पण संशय किती आणि सोय किती, याचा तोल स्वतंत्र देशाने तरी सांभाळला पाहिजे.

आपल्याकडचे वास्तव

आता आपल्या अंगणाकडे वळू. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि मागोमाग मोबाइलही मुके झाले. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी चाकरमान्यांना गावातल्या म्हाताऱ्या आईवडिलांचा आवाज दिवसेंदिवस ऐकू आला नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा तीच गत. माडीवर, पत्र्यावर अडकलेल्या लोकांचे फोन एकामागून एक बंद पडले. आणि हे फक्त आपल्यासारख्या देशात घडते, असे कोणी समजू नये. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल या दोन प्रगत देशांतली वीज भरदुपारी गेली. मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या जसजशा उतरल्या, तसतसे जाळे विरत गेले आणि लोक बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरभोवती गोळा झाले.

मोबाइल ही थोर सोय आहे. पण तिचा प्रत्येक दुवा विजेवर, मनोऱ्यावर आणि जमिनीखालच्या तारेवर उभा आहे. ‘उपग्रह फोन आहेत, पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, मग हौशी माणसे कशाला?’ असे कोणी विचारील. ती असावीतच. पण ती मोजकी असतात, मोजक्या हातांत असतात आणि संकटाच्या दिवशी मोजक्याच कामांत गुंतलेली असतात. हॅम हा सरकारला एक पैसा न पडता गावागावांत बसलेला, मोटारीच्या बॅटरीवर संच चालवू शकणारा, तार तुटली तर स्वतः जोडणारा माणूस आहे. तो सरकारी यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही. ती कोलमडली तर पहिले काही तास, एखादा दिवस तो धागा धरून ठेवू शकतो. बुडणाऱ्याला तेवढाच वेळ हवा असतो.

दुर्दैवाने ही माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत. परीक्षा, चौकशी आणि परवाना यांत उत्साही मुलाचा उत्साह मावळेल इतका काळ जाऊ शकतो. चांगला संच आयात करावा लागतो. आणि या सगळ्यातून पार पडलेल्याला शेवटची खिंड लढवावी लागते ती स्वतःच्या सोसायटीत. आमच्या सोसायटीच्या सभेत माझ्या गच्चीवरच्या तारेवर पाऊण तास चर्चा झाली. ‘वीज पडेल’, ‘टीव्हीवर मुंग्या येतील’, ‘डोकं दुखतं’ असे आक्षेप. शेवटी एका सभासदाने विचारले, ‘अहो, पण ही तार परवानगीची आहे ना?’ मी केंद्र सरकारचा परवाना दाखवला. ‘तो सरकारचा झाला,’ सचिव म्हणाले, ‘सोसायटीचा कुठाय?’ त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा मनोरा भाड्याने उभा आहे. त्याचे भाडे येते, माझ्या तारेचे येत नाही. हिशेब सरळ आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापनाच्या कागदपत्रांत हौशी रेडिओची उपयुक्तता मान्य केलेली आहे. पण कागदावरचा उल्लेख आणि तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचा माणूस, यांत अंतर आहे.

एक व्यवहार्य सूचना

अमेरिकेतल्या हॅम संघटनेने १९३३ साली ‘फील्ड डे’ सुरू केला. जून महिन्याच्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी घरातला संच उचलायचा, मैदानात, टेकडीवर, शाळेच्या पटांगणात जायचे, तंबू ठोकायचा, अँटेना उभारायची आणि जनित्र, बॅटरी किंवा सौरपट्टी यांवर संच चालवायचा. तिथेही गुण आहेत; पण ते कशाला आहेत, हे पाहण्यासारखे आहे. आणीबाणीची वीज वापरली तर जादा गुण. केंद्र सार्वजनिक जागी लावले तर जादा गुण. रीतसर लिखित संदेश पुढे पोहोचवला तर गुण. मुलांना संचावर बसवले तर गुण. आणि गावचा लोकप्रतिनिधी किंवा मदतयंत्रणेचा माणूस तुमच्या तंबूला भेट देऊन गेला, तर त्याचेही गुण! सरळ स्पर्धेत जे राहून जाते, ते त्या लोकांनी गुणांची लालूच दाखवून भरून काढले आहे.

आपल्याला हे जमणार नाही, असे नाही. दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, जिल्हाधिकारी कचेऱ्यांत आपत्तीच्या बैठका होतातच. त्याच आठवड्यातला एक शनिवार-रविवार ठरवावा. किनाऱ्यावरच्या, घाटातल्या, नदीकाठच्या तालुक्यांत हॅम मंडळींनी शाळेच्या पटांगणात केंद्रे लावावीत. तहसीलदारांनी वीस-पंचवीस शब्दांचे काल्पनिक संदेश लिहून द्यावेत आणि ते जिल्ह्याला, तिथून मुंबईला अचूक पोहोचले का, हे वह्या समोरासमोर ठेवून तपासावे. चुकीला दंड, अचूकतेला गुण. जवळच्या शाळांनी आठवी-नववीची मुले पाठवावीत. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीस जगभरचे स्काउट हौशी रेडिओवरून एकमेकांशी बोलतात, त्यात आपल्या मुलांनाही बसवता येईल. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अंतराळस्थानकावरून हॅम रेडिओवर विद्यार्थ्यांशी बोलले, तेव्हा मुलांचे कुतूहल किती जागे आहे, हे दिसलेच. पुण्याहून तर जगदीशचंद्र बोस यांच्या स्मृतीसाठी खास संकेत घेऊन प्रक्षेपणे होत आली आहेत. म्हणजे माणसे आहेत, परंपरा आहे. तिला प्रशासनाशी जोडणारा दुवा नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक तालुक्याला त्याच्या हॅम मंडळींची अद्ययावत यादी, वर्षातून दोन दिवस, आणि परवान्याच्या चौकशीला ठरावीक मुदत, एवढे पुरे. गृहनिर्माण संस्थांना सहकार खात्याने एक परिपत्रक पाठवले की, परवानाधारकाची तार ही संस्थेची डोकेदुखी नसून संस्थेचीच सोय आहे, तर आमच्यासारख्यांच्या सभेतला पाऊण तासही वाचेल.

विम्याचा हप्ता भरताना आपण, हे पैसे वाया गेले, असे म्हणत नाही. काही घडले नाही, हेच नशीब समजतो. ऑक्टोबरच्या त्या अठ्ठेचाळीस तासांकडे आणि मे महिन्यात व्हाव्यात अशा त्या दोन दिवसांकडे मी तसेच पाहतो. त्या कॉलेजकन्येला मी एवढेच म्हणालो, ‘फोन चालतोय तोवर फोनच वापर. तो बंद पडेल त्या दिवशी कोणाला तरी खरखरीतून ऐकता यायला हवं, म्हणून काही जणांनी आज ऐकत बसायचं.’ तिने परीक्षेची माहिती मागून घेतली आहे.